लाल दातांचं गाव

"मुंगी चावल्यासारखं वाटेल, बास," शाळेत आलेले दातांचे डॉक्टर लहानग्या त्साईला म्हणाले होते. ती मुंगी नव्हती. रानडुक्कर होतं. तो गोडगोड आवाज, ती स्वतः दातांची डॉक्टर झाली तरी कानातून गेला नव्हता. म्हणून तैवानच्या डोंगरातल्या पायवान आदिवासींच्या वस्तीवर, चर्चच्या अंगणात फुकट दवाखाना मांडताना तिने ठरवलं होतं, पोरांशी खोटं बोलायचं नाही. बोलायचंच कशाला? दाखवायचं.

"बघाच तुम्ही," ती पाद्रीबाबांना म्हणाली, "ही गोळी चघळली की जिथे ब्रश पोचला नाही तिथे दात लाल होतात. पोरं आपणहून घासतील."

पोरांनी गोळ्या चघळल्या, आरशात पाहिलं आणि घासायचं सोडून नाचायलाच लागली. लाल तोंड! या गावात लाल तोंड म्हणजे मोठं माणूस, सुपारीवालं माणूस. एकाने कमरेवर हात ठेवून आजोबांसारखी पिंक टाकली, आणि सगळी वरात घरोघर मिरवायला पळाली.

थोड्याच वेळात गावाचा भोंगा खरखरला. "पोरांना सुपारी कुणी चारली, त्याने चर्चच्या अंगणात यावं. पळू नये. रस्ता एकच आहे."

त्साई काही बोलणार, तोवर म्हाताऱ्यांची रांगच आली. प्रत्येकामागे त्याची बायको. सगळ्यात पुढच्या जोडीत सेलेप आजी.

"तुझीच सुपारीची पिशवी उघडी असते," ती नवऱ्यावर कडाडली.

"मी झोपलो होतो गं."

"झोपेतही चघळतोस तू!"

पिशवी गेली गटारात. हे सगळं बोलताना आजीच्या स्वतःच्या गालात सुपारी होतीच.

"आजोबांना सोडा, गोळी माझी आहे," त्साई कशीबशी म्हणाली.

"म्हणजे तूच? मग माझी नात मुनी तुझ्या खुर्चीवर बसायची नाही."

त्साईने मुनीकडे पाहिलं. मुनीचा गाल अळकुडीसारखा सुजला होता. दुधाची दाढ पार किडलेली. आणि खुर्ची संध्याकाळच्या गाडीने खाली जायची होती.

मग त्साईने स्वतःच एक गोळी चघळली आणि सगळ्या गावासमोर आ केला. पुढे मोत्यांची ओळ, मागे भडक लाल.

मुनी वाकून बघत म्हणाली, "डॉक्टर, मागचं राहिलंय."

अंगण हसलं. भोंगेवाला तर खाली बसून हसला. नळावर डॉक्टरीण आणि पोरं एकाच रांगेत दात घासू लागली.

"माझी दाढ काढताना दुखेल?" मुनीने विचारलं.

ती जुनी मुंगी त्साईच्या जिभेवर येऊन बसली. तिने फेसासकट थुंकून टाकली.

"दुखेल. सुई टोचताना. मग गाल झोपेल."

मुनीने आजीकडे पाहिलं. आजीने अडवलं नाही. मुनी खुर्चीवर चढली. थोडी रडली, मुठी वळल्या, आणि दाढ तिच्या तळहातावर आली.

"केवढं दुखलं?" आजीने विचारलं.

"कोंबडी चोच मारते ना," मुनी जड ओठांनी म्हणाली, "तेवढं."

सेलेप आजी जागची हलली. गालातली सुपारी काढून तिने पानात गुंडाळली. इथे आजी नातीला वुवू म्हणते आणि नातही आजीला वुवूच म्हणते.

"वुवू, ऊठ. मला बसू दे." मग हळूच, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने ती त्साईला म्हणाली, "खालची, डावीकडची. राळ्याच्या सुगीपासून ठणकतेय. सुपारी काय हौसेने धरते मी तिथे?"