दोन वायरींचा गायकवाड

शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी गायकवाड आणि मी स्टोअरच्या कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीसमोर उभे राहिलो आणि दोन हिरवे दिवे बघितले. दिवे म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे. तो म्हणाला, "तात्या, दोन्ही हायत." मी म्हणालो, "हायत." मग त्याने पेटीला एक कुलूप लावलं, त्याच्याखाली दुसरं लावलं, दोन्ही ओढून बघितली. नंतर एक पेरू अर्धा अर्धा खात आम्ही बसची वाट बघितली. पेरू कच्चा होता. आमचं दोघांचं शेवटचं काम ते एवढंच.

एवढाले दिवे बघायला दोन माणसं कशाला, असं कुणी विचारेल. सगळी कंपनी विचारायची.

आमची कंपनी सुप्याच्या एमआयडीसीत, पंपाचे भाग बनवायची. गायकवाड तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा. मी वायरमनच्या हाताखाली, शिडी धरणारा. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मारून मुटकून. तरी त्याने मलाच धरलं. म्हणायचा, "तात्या, तुमी सांगितल्याबिगर हात लावत न्हाई. तसला मानूस पायजे."

त्याचं सगळं दोन-दोन. खिशाला दोन पेनं, दोन्ही निळी. पँटीला पट्टा आणि पट्ट्याच्या खाली सुतळी. डब्याला कडी होती तरी वरून फडकं बांधलेलं. खोलीवर गजराची घड्याळं दोन, आणि दोन्ही वाजली की शेजारचे शिव्या घालायचे तेही दोनदा. का रे बाबा, म्हटलं तर एकच उत्तर, "एकावर भरवसा न्हाई." माझी बायको सुभद्रा त्याला दोनवाले भाऊजी म्हणायची. आमच्याकडे जेवायला आला की बरोबर दोन भाकरी. तिसरी वाढली तर उठायचा, एकच वाढली तर बसून राहायचा. एकदा तिने मुद्दाम दीड वाढली. गडी ताटाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "वयनी, ही हाय का न्हाई, काय समजू?" सुभद्रा पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली ती हसू संपेपर्यंत परत आली नाही.

आता वायरींचं सांगतो. ऑफिस कंपनीच्या एका टोकाला आणि स्टोअर दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे एकेक पेटी, पेटीत एकेक डबा. त्या त्या बाजूच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी त्या डब्यात यायच्या. डब्याला स्विच म्हणायचे, पण दाबायला बटण एक नाही. ह्या डब्यापासून त्या डब्यापर्यंत एकच वायर. महिनाअखेरीला पगार आणि मालाचा हिशोब एकदम निघाला की ती तुंबायची. कारकून पडद्याकडे बघत तंबाखू मळत बसायचे. मग गायकवाडने दुसरी वायर मागितली. मी शिडीवर चढून ती ओढली, दोन शेडच्या पत्र्याखालून.

वायर ओढली म्हणजे काम झालं, असं मला वाटलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनाही तसंच वाटलं. गायकवाड म्हणाला, आधी दोन्ही डब्यांना सांगावं लागतं, की बाबांनो, ह्या वायरी दोन दिसल्या तरी एकच धरून चला. दोन्हीकडे सांगायच्या आधी दुसरी खुपसली, तर निरोप एकीने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा जातो, आणि गोल गोल फिरून सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

सांगायचं म्हणजे डब्याला कॉम्प्युटर जोडून लिहायचं. तो कॉम्प्युटर आणायला गायकवाड गेला. स्टोअरचा ढकलगाडा घेतला, त्यावर गोणपाट घातलं, गोणपाटावर गादी, गादीवर कॉम्प्युटर, आणि बाळंतीण घरी नेतात तसा तो गाडा ढकलत येत होता. साहेबांना दम निघेना. वायरीचं स्टोअरकडचं टोक बसवलेलंच होतं, ऑफिसकडचं लोंबत होतं. साहेब म्हणाले, एवढं काय त्यात, आणि दिलं खुपसून.

दोन्ही डब्यांवरचे दिवे अंगात आल्यासारखे नाचायला लागले. पडदे थिजले. गेटपास निघेना, गेटावर ट्रक उभे राहिले, ड्रायव्हर खाली उतरून आमच्या आयाबहिणी काढायला लागले. गायकवाडने गाडा आधी सावलीत लावला. मग शांतपणे ऑफिसात आला, वायर उपसली, दिवे निवायची वाट बघितली. साहेबांना एवढंच म्हणाला, "साहेब, एकल्यानं हार घालून लगीन लागत न्हाई. दोगांनी घालाय लागतो."

नंतर त्याने रीतीने केलं. ऑफिसच्या डब्याला सांगितलं. गाडा ढकलत स्टोअरला आला, तिथल्या डब्याला सांगितलं. मग मला परत ऑफिसात धाडून फोनवर विचारलं, "तात्या, तिकडं हाय का?" मी म्हटलं, हाय. "मग लावा." मी लावली. पहिल्या वायरीच्या दिव्याशेजारी दुसरीचा दिवा लागला, आणि कुठे काहीच झालं नाही. हिशोब पळायला लागले. साहेबांनी पेढे मागवले. गायकवाडने दोन घेतले.

तेव्हापासून रोज सकाळी कामावर आल्या आल्या तो ऑफिसची पेटी उघडायचा, मग कंपनी तुडवत स्टोअरला यायचा आणि दिवे बघायचा. जाताना पुन्हा. पोरांनी त्याचं नाव दिवाबत्ती पाडलं. मीही एकदा म्हटलं, आता दोन वायरी झाल्या, आता कशाला तंगड्या तोडतोस?

"आता तर जास्तच बघाय लागतं," तो म्हणाला. "एक वायर आसली आन तुटली, तर सगळं हापिस बोंबलतं. लगीच कळतं. दोन आसल्या की एक गेलेली कळतच न्हाई. दुसरी मुकाट वढीत ऱ्हाती."

ती खोड त्याला माणसांवरही लागली होती. दिवे बघून परत जाताना कँटीनच्या मंदाबाईला विचारणार, "हाय का?" गेटावरच्या वॉचमनला, "हाय का?" मला, "तात्या, हाय का?" समोरच्याने हाय म्हटलं की चालला पुढे. तब्येत कशी, पोरं कशी, काही नाही. मंदाबाई भांडी घासता घासता मान वर न करता हाय म्हणायची आणि मागे हसायची.

मग सुभद्रा गेली. पोटाचं दुखणं निघालं, नगरला नेली, तिथूनच आणली. तेराव्यानंतर कामावर गेलो. साहेब म्हणाले, ईश्वरेच्छा. वायरमन म्हणाला, तात्या, शिडी धर. जो तो आपापल्या कामाला लागला. लागणारच, मशीन काय थांबतं? माझा राग मशीनवर नव्हता. घरी जाऊन चुलीपुढे बसलं की तिथे नुसती राख असायची, त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत गायकवाड माझ्याकडे आला. "तात्या, हाय का?"

मी म्हटलं, "न्हाई."

तो पुढे गेला नाही. वायरीच्या रिकाम्या रिळावर बसला. मग त्याने आईचं सांगितलं. राजूरच्या वर डोंगरात त्यांची वस्ती, आई तिथे एकटी. ह्याचा भाऊ राजूरला, हा इकडे. "आमी दोन लेक, तात्या. मला वाटलं भाऊ जाऊन आला आसंल. त्याला वाटलं मी गेलो आसंल. शेजारीन शेळी सोडाय गेली, तवा कळलं, आई गेल्याली." एवढं बोलला आणि पेटी बघायला गेला. आईचं त्याने पुन्हा कधी काढलं नाही.

पण रविवार आला की तो बस धरून माझ्या गावाला यायचा. दारातूनच, "तात्या, हाय का?" मी आतून हाय म्हणायचं. मग तो बिस्किटाचे दोन पुडे ठेवायचा, मी चहा टाकायचा, तो पिऊन परतीच्या बसला जायचा. बोलणं फार नाही. एकदा मी दोन भाकऱ्या थापल्या. एक जळली, एक कच्ची. त्याने दोन्ही खाल्ल्या आणि म्हणाला, "वयनीच्या नव्हं, पन दोन हायत."

त्या पेरूच्या शनिवारनंतरच्या रविवारी तो आला नाही. चहाचं पाणी उकळून आटलं. पुन्हा टाकलं, तेही आटलं. दुपारची बस धरून मी सुप्याला त्याच्या खोलीवर गेलो. घरमालकीण म्हणाली, सकाळी घड्याळं वाजली की, दोन्ही, मग बंदबी झाली. दार आतून लावलेलं, वरची कडी आणि खालची कडी. माणसं बोलावून फोडलं. अंगात बाहेर जायचा सदरा होता, पट्टा बांधलेला, सुतळी बांधायची राहिली होती. पिशवीत बिस्किटाचे दोन पुडे. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. ते तेवढं एकच दिलेलं असतं माणसाला.

राजूरहून भाऊ आला. तोच चेहरा, तसाच उभा राहायचा. सोमवारी बुद्धवंदना झाली, अग्नी दिला. भावाने मला विचारलं, शेवटी तो काय बोलला? मी म्हटलं, दोन्ही हायत, असं बोलला. त्याला ते समजलं नसावं. मीही समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो. ऑफिसात कारकून टकटक करत होते, गेटपास निघत होते, काही अडलं नव्हतं. पेटीच्या चाव्यांचा दुसरा जुडगा त्याने माझ्याकडेच ठेवला होता. आधी ऑफिसातली पेटी बघितली. मग कंपनी तुडवत स्टोअरला गेलो, दोन्ही कुलपं काढली. दोन्ही दिवे होते. कुलपं लावून ओढून बघितली.

मग कँटीनला गेलो. मंदाबाई भांडी घासत होती. मी दारातून विचारलं, "मंदाबाई, हाय का?"

तिचे हात थांबले. तिने मान वर केली. "हाय," म्हणाली, आणि जरा थांबून, "आन तुमी, तात्या?"

"हाय," मी म्हटलं, आणि गेटाकडे निघालो. वॉचमन राहिला होता.