वेगळा करून दावा

"गुरांच्या लंपी रोगाचा विषाणू आजवर जगात कुणीही वेगळा करून दाखवलेला नाही." सुभेदार जोतिबांनी मोबाईल हातभर लांब धरून खणखणीत आवाजात वाचलं आणि चहाची बशी खाली ठेवली. "ऐकलं का? जगात! जी चीज कुनी वेगळी करून दावली न्हाई, ती न्हाईच. मग लस कशाची? सबूत न्हाई तर सुई न्हाई. हुकूम हाय माझा."

पलटण सुटली तरी सुभेदारांचा हुकूम सुटला नव्हता. भाकरी थापता थापता सून क्रांतीचा हात परातीतच थांबला. कडेगावच्या बाजारातून आणलेला नवा बैल कालपासून वैरणीला तोंड लावत नव्हता आणि त्याच्या मानेवर सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या. त्याला लागूनच हौसा बांधलेली होती. हौसा म्हणजे क्रांतीच्या माहेरची, वाईहून आलेली गाय. आईने कालवडीपासून वाढवली आणि लेकीबरोबर धाडली. पुढे आई गेली, माहेरी एकटे वडील उरले, आणि इथे हौसा राहिली. तिला काही झालं तर क्रांतीचं माहेर दुसऱ्यांदा बुडणार होतं. लसवाल्या डॉक्टरीणबाई आज दुपारी येणार होत्या, आणि पुन्हा कधी येतील ते सांगता येत नव्हतं.

"तात्या, लशीचं ऱ्हाऊ द्या," ती चाचरत म्हणाली, "निदान बैल तरी लांब बांधू."

"डास चावल्यात त्येला. आनि जे कुनी वेगळं केलंच न्हाई, त्येच्यापायी मी माझा बैल का वेगळा करू?"

क्रांती परसात गेली आणि माधवनगरला कापडाच्या कारखान्यात असलेल्या नवऱ्याला, जयराजला तिने फोन लावला. "आवं, आता वेगळं केल्याबिगर भागायचं न्हाई. तात्यांम्होरं माझी टाप न्हाई. तुमी या आनि आजच्या आज वेगळं करा. एका दावणीला नगंच आता!"

भिंतीला कान असतात म्हणतात. इथे भिंतीला मोरी होती आणि मोरीत सासूबाई बनुबाई होत्या. त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. आपल्याकडे घरात 'वेगळं' म्हटलं की एकच अर्थ निघतो: दुसरी चूल. एकुलता एक लेक, आणि सून त्याला घेऊन निघाली! बनुबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने भावाला फोन लावला.

भाऊ म्हणजे भाऊसो, पंचक्रोशीतल्या वाटण्या करून देण्यात हातखंडा. दुपारच्या आत तो मोजपट्टी घेऊनच हजर झाला. सुभेदार शेतातून परतले तर मेहुणा ओसरीची लांबी मोजत होता.

"हे काय चाललंय, भाऊसो?"

"दाजी, मन घट करा. दुसऱ्या चुलीला ही बाजू बरी पडंल. धूर भाईर जाईल."

"कुनाची चूल?"

"जयराजची. सूनबाईंनी आज वेगळं मागितलंय."

कधी न डगमगलेले सुभेदार खाटेवर मटकन बसले. तेवढ्यात जयराजची मोटरसायकल आली. मामा, मोजपट्टी आणि आईचे सुजलेले डोळे बघून घरात कोण गेलं हेच त्याला कळेना. मागोमाग लसवाल्या डॉक्टर अपेक्षा यांची गाडी दारात थांबली. क्रांतीने हौसाकडे धाव घेतली, तर बनुबाईंनी तिचा दंड धरला.

"भांडी बांधाय निघालीस व्हय? आगं, काय कमी केलं तुला आमी?"

"आत्या, सोडा! डॉक्टरबाई निघून जातील!"

"बगा, किती घाई झालीया हिला!"

दारात डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. अजून दोन वस्त्या त्यांना करायच्या होत्या.

"थांबा समदे!" सुभेदार गरजले. "कोन म्हनलं वेगळं?"

"मी माझ्या कानानं ऐकलं," बनुबाई म्हणाल्या.

"पुरतं ऐकलं का?"

"मोरीतनं ऐकू आलं तेवढं."

"पोरीला इचारलं?"

"त्येत इचारायचं काय?"

"म्हंजे अर्धं ऐकलंस, इचारलं न्हाईस, आनि भावाला मोजपट्टी घिऊन बोलावलंस? सबूत काय हाय तुज्याकडं?"

"तात्या," क्रांतीला रडू आवरेना, "मी बैलाचं म्हनत हुते! बैल वेगळा बांधा म्हनत हुते. माझी हौसा मरंल वो!"

भाऊसोने मोजपट्टी हळूच खिशात सारली. क्रांतीचा मात्र आता बांध फुटला होता. "आनि आत्यांनी निदान एकाच जाग्याला सांगितलं. तुमी त्यो मेसेज सकाळपासनं किती गुरुपात धाडला? पुरता वाचला? कुनाला इचारलं?"

सुभेदारांनी डॉक्टरांकडे पाहिलं. आवाज उतरला होता, पण मोडला नव्हता. "बाई, कुनी वेगळा केलाय का त्यो इषाणू? करून दावा."

"त्या आंब्यावर बांडगूळ दिसतंय, ते वेगळं काढून जमिनीत लावा," डॉक्टर म्हणाल्या. "जगेल?"

"कसं जगंल? ते दुसऱ्याच्या जिवावर जगतं."

"मग बांडगूळ नाहीच म्हणायचं का? विषाणूही एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. आजारी जनावराच्या गाठीतून तो घेतात, पेशींवर वाढवतात, निरोगी जनावराच्या नमुन्याशी ताडून बघतात. शास्त्रात यालाच वेगळा करणं म्हणतात, आणि लंपीचा विषाणू असा कितीदा तरी वेगळा केलाय. मेसेजवाल्यानं 'वेगळा'चा अर्थ घेतला पार एकटा, आणि तसा दिसला नाही म्हणून बोंब ठोकली."

"म्हंजे शब्द एक आनि अर्थ लावला दुसराच," सुभेदार पुटपुटले. बनुबाई उगाचच तुळशीकडे बघू लागल्या.

सुभेदार उठले, त्यांनी स्वतःच्या हाताने बैलाचं दावं सोडलं आणि त्याला पार शेतातल्या आंब्याखाली नेलं. बैलाला औषध मिळालं. हौसाला ताप नव्हता, तिला लस टोचली. "लस लागू व्हायला वेळ लागतो," डॉक्टर बजावून गेल्या. "तोवर माश्या, गोचीड सांभाळा." पुढचे कित्येक दिवस क्रांती सकाळ-संध्याकाळ हौसाच्या अंगावरून बोटं फिरवून चाचपायची. गाठ काही लागली नाही. शेतातला बैलही हळूहळू वैरण ओढू लागला. त्याच्याजवळ सुभेदारांनी आपली खाट टाकली होती. पहारा दुसऱ्यावर सोपवायची त्यांना सवय नव्हती.

अखेर सुभेदारांनी चूक कबूल करायची ठरवली. आंबा, बैल आणि खाटेवर आपण, असा फोटो काढला आणि झाडून सगळ्या ग्रुपांत, अगदी पाहुण्यांच्याही, टाकला. खाली लिहिलं, 'अखेर वेगळं केलं. सबूत सोबत.'

संध्याकाळी क्रांती भाकरी घेऊन शेतात आली तेव्हा सुभेदारांचा फोन वाजला. वाईहून तिचे वडील बोलत होते, आवाज गहिवरला होता.

"पाव्हणं, ह्ये काय ऐकतोय मी? म्हातारपणी तुमाला वेगळं काढलं? बैलासंगट शेतात ऱ्हाताय म्हनं! माझ्या लेकीनं असं केलं?"

"कोन म्हनतं?" सुभेदार ताडकन उठले. "सबूत काय?"

"आता सबूत काय इचारताय, सुभेदार? तुमचाच फोटू हाय की!"