दर रविवारी बेशुद्ध

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले इनामदारकाका दर रविवारी सकाळी, नाश्ता झाला की, बेशुद्ध पडतात.

पडतात म्हणजे अगदी रीतसर पडतात. चष्मा काढून टीपॉयवर ठेवतात, दिवाणावर आडवे होतात, छातीवर दोन्ही हात घेतात आणि जाहीर करतात, "झालो मी बेशुद्ध. चला, सुरू करा." मग खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू डॉक्टर होतात. स्टेथोस्कोप म्हणून गळ्यात नातवाचा हेडफोन असतो. "पेशंटला व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? लवकर बोला, माझं वाटण राहिलंय," असं त्या विचारतात. आणि त्या रविवारी काकांनी ज्याला मुखत्यार नेमलेलं असेल, त्यानं काकांच्या वतीनं उत्तर द्यायचं.

बिबवेवाडीतल्या इतर सोसायट्यांत रविवारी हास्यक्लब भरतो. आमच्याकडे हे भरतं.

रशीद इनामदार यांनी नोकरी सरकारी कचेरीत केली, पण त्यांचं मन संध्याकाळच्या कामात होतं. कचेरीच्या नाट्यमंडळात ते प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून, नट वाक्य विसरला की ते त्याला कुजबुजत पुरवायचं. स्टेजवर ते कधीच गेले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "मी पुढे गेलो असतो तर ते सगळे गप्प उभे राहिले असते."

ही सवय बेशुद्धीतही सुटत नाही. मुखत्यार अडखळला की दिवाणावरून, डोळे मिटलेले आणि ओठ जेमतेम हलवत, बेशुद्ध माणूस पुटपुटतो, "त्यांना हे नको होतं... त्यांना हे नको होतं..." जोशीकाकू म्हणतात, "पेशंट बोलतोय. याला काही झालेलं नाही, घरी न्या."

बायको, हमीदाकाकू, गेल्यापासून काकांना एकच प्रश्न पडतो आणि तो ते सगळ्यांना विचारतात. दूध आणायला गेले की दूधवाल्याला, लिफ्टमध्ये अडकले की सोबत अडकलेल्याला. "शुद्धीत आहात ना? मग ठरवा. तुमच्या वतीनं कोण बोलणार?" पुतण्याच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या हातात पाकीट देताना म्हणाले, "मुबारक हो. आता एक सांग, तू कोमात गेलास तर ही बोलणार, का तुझी आई? आजच ठरव, नंतर भांडणं नकोत." त्या वर्षी ईदला त्या घरून शीरखुर्मा आला नाही. काकांना त्याचं दुःख झालं, पण प्रश्न मागे घेतला नाही.

आमचे चेअरमन एकदा बाकावर बसून सांगत होते, "मला कसली काळजी? मुलाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय."

"वा!" काका म्हणाले. "म्हणजे तुम्ही शुद्धीत असाल तोवर मुलगा तुमचा फ्लॅट विकू शकेल."

"आणि शुद्ध गेल्यावर?"

"शुद्ध गेली की तो कागदही गेला. नाकातली नळी काढायला वेगळं वैद्यकीय इच्छापत्र लागतं, साहेब. दोन साक्षीदार, एक नोटरी आणि एक माणूस, जो डॉक्टरसमोर घाबरणार नाही. पहिले तिघे पैसे टाकून किंवा चहा पाजून मिळतात."

चेअरमन दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या बाकावर बसायला लागले. आठवड्यानं गुपचूप येऊन विचारून गेले, नोटरी कुठला चांगला.

त्या चौथ्या माणसासाठीच रविवारचा हा खटाटोप होता. काकांचं म्हणणं सरळ होतं. बरं होण्याची आशा असेल तर हवं ते करा. आशा नसेल तर यंत्र नको, फक्त दुखू देऊ नका. पण हे म्हणणं, ते स्वतः बोलू शकणार नाहीत तेव्हा, कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं. तो कुणीतरी मिळत नव्हता. थोरले भाऊ आले, त्यांनी जोशीकाकूंनाच हात जोडले, "डॉक्टरसाहेब, आपण म्हणाल तसं." नापास. एक जुने नट-मित्र आले, त्यांनी काकांच्या छातीवर डोकं ठेवून असा हंबरडा फोडला की बेशुद्ध माणूस खोकायला लागला. नापास.

आणि इम्रान. काकांचा एकुलता एक मुलगा. हिंजवडीला नोकरी, तिथंच घर. ("तो तिथून निघून इथं पोहोचेपर्यंत मी दोनदा जाऊन परत येईन," काका म्हणायचे.) तो पहिल्याच रविवारी आला होता. त्यानं काकांचा हात हातात घेतला, वाकून काहीतरी म्हणाला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि काकांनी एक डोळा उघडून निकाल दिला, "आवाज पोचत नाही. नापास." पोरगा चहा न घेता गेला.

शेवटी माझा नंबर लागला. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची, मी अक्षरं ओळखायला शिकले तीच 'निषेध' या शब्दावर. काका मला पत्रकबाई म्हणतात. मला वाटलं, हे माझंच काम आहे. जोशीकाकूंनी विचारलं मात्र, मी उभी राहिले आणि सुरू झाले. माणसाच्या देहावर पहिला हक्क त्याचा स्वतःचा आहे, आणि जी व्यवस्था माणसाला जगताना विचारत नाही ती मरतानाही...

"अहो बाई, हा आयसीयू आहे, मंडईचा चौक नाही," डॉक्टर म्हणाल्या.

दिवाणावरून कुजबुज आली, "कमी बोल. तुझं भाषण संपेपर्यंत ते नळी घालून मोकळे होतील."

मी बरेच रविवार नापास झाले. मग एका रविवारी मी फक्त म्हणाले, "त्यांना हे नको होतं. त्यांनी मला शुद्धीत असताना सांगितलंय." जोशीकाकूंनी दम दिला, घाबरवलं, "तुम्ही कोण? सख्खं कुणी नाही का?" असं टोचलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. काका उठून बसले, चष्मा लावला. "पास," म्हणाले.

जोशीकाकू वाटणाकडे गेल्या. मी मात्र तशीच उभी होते. पास झाल्याचा आनंद होता, पण त्यांचा तो शेवटचा प्रश्न मला खरंच टोचला होता.

"काका, हे इम्रानचं काम आहे," मी म्हणाले. "बापासाठी एक वाक्य बोलता येऊ नये माणसाला? रडून मोकळं व्हायचं आणि जबाबदारी शेजाऱ्यांवर!"

काका दिवाणावरच्या चादरीची घडी घालत होते. ती अर्धवट ठेवून म्हणाले, "त्याचं वाक्य बरोबर होतं."

"कधी?"

"पहिल्याच रविवारी. स्वच्छ म्हणाला होता. आवाज पोचला होता मला."

मग त्यांनी सांगितलं. हमीदाकाकूंच्या वेळी काका खाली औषधं आणायला गेले होते. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये इम्रानला गाठलं. तेव्हा तो कॉलेजात होता. "सगळं करा," म्हणाला. कुणीही तेच म्हटलं असतं. मग नळी लागली आणि काकू शेवटपर्यंत बोलू शकल्या नाहीत. त्यांना काय हवं होतं, हे त्या दोघांना कधी कळलंच नाही, कारण घरात तसं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"एकदा 'हो' म्हणाला, ते अजून धरून बसलाय," काका म्हणाले. "आता 'नाही'सुद्धा त्याच्याच तोंडून वदवून घेऊ? तू रागावशील, चार लेख लिहिशील, पण तुला झोप लागेल."

मला मुखत्यार म्हणून का निवडलं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या धैर्याचा त्यात फारसा वाटा नव्हता.

नोटरीकडे आम्ही सगळे गेलो. साक्षीदार जोशीकाकू आणि चेअरमन. इम्रान अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता, हातात हेल्मेट धरून दाराशी उभा. नोटरीनं मजकूर वाचून दाखवला, माझं नाव आलं तेव्हा इम्रान खाली बघत होता.

"बरोबर आहे?" नोटरीनं विचारलं.

"आणखी एक घाला," काका म्हणाले. "माझा मुलगा इम्रान याला कुणीही काहीही विचारू नये. त्याला माझ्या उशाशी बसू द्यावं."

"काका, हे काही वैद्यकीय नाही," नोटरी म्हणाला.

"तुम्ही टाइप करा हो," जोशीकाकू म्हणाल्या. "आम्ही साक्षीला काय भजी खायला आलोय?"

नोटरीनं टाइप केलं. मग माणूस सज्जन असावा, त्यानं मान वर करून विचारलं, "किती वेळ बसू द्यायचं, तेही घालू का? आत भेटायच्या वेळा ठरलेल्या असतात, नंतर अडवतात लोक."

काकांनी दाराकडे पाहिलं नाही.

"घाला," ते म्हणाले. "त्याला उठावंसं वाटेपर्यंत."