वारज्यातली भरती-ओहोटी

वासनिककाकांचा चहा आज सातला असेल, तर उद्या आठला दहा कमी असताना असतो आणि परवा आठ चाळीसला. आठवड्याभरात तो सरकत सरकत जेवणाच्या ताटावर जाऊन आदळतो. कारण काका चहा पितात तो हुगळीच्या भरतीला, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. राहतात मात्र पुण्यात, वारज्यात, आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सुरेखाबाईंनी भरतीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून घेतलं आहे. "काकांचं पंचांग वेगळंय," एवढंच त्या म्हणतात.

मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या वहीत प्रत्येक सभासदाचं एक पान आहे: तक्रारी, सूचना, सवयी. काकांना तीन पानं लागली.

ते मूळचे नागपूरचे, पण नोकरी सगळी बंगालात, नदीतल्या पायलटची. समुद्रातून आलेलं तेलाचं जहाज नदीच्या मुखातून, पाण्याखालचे वाळूचे उंचवटे चुकवत, रिफायनरीच्या जेटीला लावायचं. ते कामाला लागले तेव्हा रिफायनरी लहान होती. निवृत्त होईपर्यंत तिच्या टाक्या मोजणं त्यांनी सोडून दिलं होतं. जहाजं लांबली, रुंदावली, रांगा लागल्या. नदी मात्र गाळानं वर वर येत राहिली. "रिफायनरी वाढवाले कागद लागते ताई," ते मला एकदा म्हणाले, "नदी वाढवाले काय लागते, सांगा बरं?" मी हा प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे. उत्तराची जागा रिकामी आहे.

कोणत्याही कामाला त्यांचं एकच उत्तर: "पाणी चढू द्या." लिफ्टची दुरुस्ती, गच्चीचा रंग, मतदान, सगळ्याला पाणी चढू द्यायचं. शिवाय रोज सकाळी ते खालच्या फळ्यावर खडूनं लिहितात: 'मुखाशी थांबलेले टँकर : सात. जेटीला : तीन.' दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींनी त्याखाली लिहिलं होतं, 'आमच्या नळाला पाणी : शून्य.' काकांनी ते पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी आपला आकडा वर लिहिला आणि जोशींच्या शून्याला व्यवस्थित अधोरेखित केलं.

फळ्यावरचा हा मजकूर बंद करावा, असा अर्ज जोशींनीच दिला. वार्षिक सभेत तो पाचवा विषय होता. सभा रविवारी अकराला ठेवली. काकांनी ती साडेबाराला घ्या, अशी लेखी विनंती केली, कारण 'भरती'. मी नाही म्हटलं. अजेंडा वाटून झाला होता आणि खुर्च्या एकपर्यंतच मिळाल्या होत्या.

काका आले. पार्किंगमध्ये खांबाशेजारी, गुडघ्यावर मोबाइल ठेवून बसले. त्यात नकाशावर जहाजं ठिपक्यांसारखी सरकताना दिसतात. चौथा विषय, गळकी टाकी, चालू असताना ते एकदम उभे राहिले. मी म्हटलं, काका, हात वर करून बोला. त्यांना ऐकू गेलं नाही.

"दिसेना," ते म्हणाले.

काय दिसेना, मी विचारलं.

"टँकर. माझी पोरगी आहे त्याच्यावर."

मग त्यांनी जे तुटक तुटक सांगितलं त्यातून कळलं ते असं. त्यांची प्रज्ञा, जी कोलकात्यात कुठल्याशा ऑफिसात बसते अशी आमची समजूत होती, ती बापासारखीच नदीतली पायलट झाली होती. भरलेलं जहाज एकटीनं, शेजारी वरिष्ठ नसताना, आज पहिल्यांदा आत नेत होती. नदीच्या एका वळणावर मोबाइलवरचा ठिपका नेहमीच थोडा वेळ दिसेनासा होतो, हे काकांनाही ठाऊक होतं. पण पावणेबाराला पाणी उतरायला लागणार होतं, आणि तोवर वाळू ओलांडली नाही तर जहाज तिथंच बसणार.

"फोन करा की मग," जोशी म्हणाले.

"कामावरल्या पायलटला फोन करत नाहीत."

नऊ वर्षं मी सभा चालवते आहे. अशा वेळी काय करायचं याचा नियम उपविधीत नाही. मी अजेंडा मिटला. जोशी उठून काकांशेजारी गेले आणि चष्मा कपाळावर चढवून मोबाइलला नाक लावून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, रिफायनरी कुठल्या काठाला? काकांनी खुर्चीच्या पाठीवर बोटानं नदी काढली. वळण आलं की बोट तिथंच थांबायचं आणि पुन्हा समुद्रापासून सुरुवात करायचं. चार वेळा त्यांनी ती नदी काढली. आम्ही चाळीस जण त्या खुर्चीकडे बघत होतो.

अकरा एक्केचाळीसला जोशी म्हणाले, "आलं हो. आलं. वाळूच्या पुढे आहे ना हे?"

काकांनी बघितलं. मान हलवली. खाली बसले आणि मला म्हणाले, "चालू द्या, ताई."

टाकीचा विषय संपवला. पाचव्या विषयाला जोशी म्हणाले, अर्ज मागे घेतो, कारण विचारू नका. मी तसंच लिहिलं.

साडेबाराच्या सुमाराला काकांचा फोन वाजला. पोरीचा आवाज एवढा मोठा, की मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"बाबा, तुम्ही बघत होते ना?"

"नाही गं," काका म्हणाले. "आमची इथं मीटिंग चालू आहे. तू जेवली का?"

मागे कुणाला तरी हसू आलं. जोशींनी वळून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की ते तिथंच विरलं.