सिरसाटअण्णांची पन्नास मिनिटं

सिरसाटअण्णांना कुणी "काय अण्णा, बरं हाय का?" म्हणून विचारलं, की ते म्हणत, "सतरा."

कधी चौदा, कधी एकवीस. अण्णा आमच्या धाराशिवच्या दवाखान्यात फार्मासिस्ट होते, आणि हा आकडा म्हणजे त्या घटकेला कुलपात असलेल्या मॉर्फिनच्या अँप्यूल, काचेच्या इवल्या कुप्या. जीव नको करणाऱ्या दुखण्यावरचं हे औषध वाकड्या हाती पडलं तर नशेचं होतं, म्हणून त्याच्या थेंबाथेंबाची नोंद ठेवावी लागते. बाकीच्या जगात नोंद वहीत असते. अण्णांची नोंद त्यांच्या जिभेवर असे. माझ्या लेकीच्या लग्नात वाशीला पंगत बसली होती. मी पदर सावरत विचारलं, "अण्णा, जेवलात का पोटभर?" अण्णा म्हणाले, "अकरा." शेजारच्या विहीणबाईंनी ते ऐकलं, अण्णांच्या ताटातली जिलबी बघितली आणि वाढप्याला डोळ्यानं खुणावलं, की ह्या माणसाकडं आता फिरकू नकोस.

मी त्याच दवाखान्यात नर्स होते, शेवटची काही वर्षं इनचार्ज. आता नातवंडं सांभाळते, म्हणजे त्यांना बिघडवते.

अण्णांच्या कपाटाच्या चाव्या खिशात नसत. त्या करदोड्याला बांधलेल्या असत, आतून. कपाट उघडायचं म्हटलं, की अण्णा भिंतीकडं तोंड करायचे आणि शर्ट वर करायचे. नवी सिस्टर पहिल्या दिवशी हटकून किंचाळत बाहेर पळायची. मी तर थेट तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांकडं तक्रार घेऊन गेले होते. तेव्हा मी सव्वीस वर्षांची, टोपीला कडक खळ, चालताना बुटांचा आवाज मुद्दाम. हा दवाखाना आपल्यामुळंच उभा आहे अशी माझी पक्की समजूत होती.

"रिकामी दाखवा, भरलेली न्या," हा अण्णांचा कायदा. मी एकदा रिकामी अँप्यूल सरळ कचऱ्यात टाकली. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"सिस्टर, तुमच्या वॉर्डातून एक माणूस हरवलंय."

मी खाटा मोजायला धावले. सगळे पेशंट जागेवर. मग कळलं, माणूस म्हणजे अँप्यूल. अण्णांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर डबा उपडा केला, आणि मी टोपीसकट त्या केळीच्या सालीत हात घातला. अर्ध्या तासानं काचेचा वरचा तुकडा सापडला. मी म्हटलं, "झालं ना?"

"डोकं गावलं," अण्णा म्हणाले. "धड कुठाय?"

धड माझ्याच अ‍ॅप्रनच्या खिशात निघालं. त्या दिवशी मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही, कारण हे माझा नातू वाचणार आहे.

अशी वर्षं गेली आणि सॉफ्टवेअर आलं. पुण्याहून कंपनीची एक चुणचुणीत मुलगी आली. तिनं अण्णांच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि सांगितलं, की आता प्रत्येक अँप्यूलवर पट्ट्यापट्ट्यांचं लेबल असेल, ते यंत्राला दाखवायचं, आणि पडद्यावर एकेक चौकोन दाबत जायचं. काढलं. दिलं. रिकामी आली. पूर्ण. कोणी, कधी, किती वेळात, ते यंत्र स्वतःच लिहून ठेवील आणि महिन्याच्या शेवटी तपासून सांगेल.

"आणि सुरुवातीला इथं अंगठा ठेवायचा, काका."

अण्णा खुर्चीतून उठले. "अंगठा?"

"हो, ओळख पटायला."

"माझ्या आज्ज्यानं अंगठा दिला. बाप रात्रशाळेत जाऊन सही शिकला. म्या डिप्लोमा केला. अन् आता परत अंगठा? मग मधली शाळा कशाला केली म्हणायची?"

शेवटी दवाखान्याच्या प्रमुख, आमच्या मोठ्या मॅडमनी, स्वतःचा अंगठा आधी लावला, मग अण्णांनी लावला, आणि यंत्रानं तो तीनदा नाकारला. चौथ्यांदा घेतला. अण्णा खूश झाले. म्हणाले, "बरं हाय. लगेच इस्वास ठेवत न्हाय. माझ्यासारखंच हाय."

महिना भरला. मुलगी पुन्हा आली. मोठ्या मॅडमच्या खोलीत मीटिंग झाली. अण्णा होते, मी होते. मुलीनं पडदा आमच्याकडं वळवला. सगळी नावं हिरवी. एकच नाव लाल. सिरसाट.

चुकीचं वाचलं असेल म्हणून मी चष्मा पुसला. लालच होतं.

"कॅन्सरच्या वॉर्डात दुपारी चारचं इंजेक्शन असतं," मुलगी म्हणाली. "सिस्टर देतात, काका रिकामी अँप्यूल परत आणतात. वॉर्ड इथून तीस पावलांवर आहे. पण 'काढलं' आणि 'पूर्ण' यांच्यात रोज पन्नास मिनिटं जातात. एवढ्या वेळात अँप्यूलमधून काय काढता येतं आणि काय भरता येतं, ते मी सांगायला नको."

पहिला धक्का ओसरतोय तोच, खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी गार वाटलं. केळीची सालं आठवली. म्हटलं, घ्या! ज्यानं आम्हाला आयुष्यभर चोर समजलं त्याच्याच घरी उंदीर.

"अण्णा, पन्नास मिनिटं कुठं असता?" मॅडमनी विचारलं.

अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "कामात."

"कसल्या?"

"माझ्या."

मॅडम म्हणाल्या, आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर मला वर कळवावं लागेल. तोवर चाव्या इनचार्ज सिस्टरकडं. अण्णांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं, शर्ट वर केला. पुण्याची मुलगी किंचाळली नाही, पण खुर्ची मागं सरकली. चाव्या माझ्या हातात आल्या, गरम होत्या.

"सोळा हायेत," अण्णा म्हणाले. "मोजून घ्या."

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला मी स्वतः अँप्यूल काढली. वॉर्डात तेरखेड्याची गुणाबाई होती. जन्मभर फटाक्यांच्या वाती वळलेली म्हातारी, आता दुखणं हाडांपर्यंत गेलेलं. सिस्टरनं इंजेक्शन दिलं, मी रिकामी घेतली, परत आले, चौकोन दाबले. सहा मिनिटं! पडद्यावर हिरवी खूण आली. मला वाटलं, आता हे यंत्र माझी पाठ थोपटतंय. पेन विसरलं म्हणून मी वॉर्डात परत गेले नसते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"ओ बाई," गुणाबाई म्हणाली, "आज बाबा न्हाय आला?"

"कोण बाबा?"

"चाव्यावाला. रोज बसतो की हितं स्टुलावर. 'आक्का, उतरलं का?' म्या म्हणते, न्हाय. गप बसतो. जरा येळानं परत, 'उतरलं का?' आरं, अंडी उबवायलास का, म्हणते म्या."

"मग?"

"मग दुखणं उतरतं. उतरलं म्हणलं की उठतो. परवा म्या नुसतंच न्हाय न्हाय म्हणले अन् त्याला वात वळाय शिकवली. लई ढ हाय. उलटीच वळतो."

मी सिस्टरकडं वळले. "अगं, तुला माहीत होतं हे?"

"व्हय की मॅडम. आमाला वाटायचं, आमी औषध चोरू म्हणून राखण बसतेत."

म्हणजे पन्नास मिनिटं ही होती! गुणाबाई "उतरलं" म्हणेपर्यंत अण्णांच्या लेखी काम पूर्णच होत नव्हतं, म्हणून ते "पूर्ण" दाबत नव्हते. मी तशीच ड्यूटी संपल्यावर त्यांच्या घरी गेले. एकट्याचं घर, भांडी पालथी घातलेली. त्यांनी चहा केला.

"मीटिंगमध्ये हे सांगायला काय झालं होतं?" मी दारातच सुरू केलं.

"सांगितलं की मॅडम विचारणार, का बसता."

"मग सांगायचं!"

अण्णा बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती, त्यांना डायबेटिस. मग म्हणाले, "कुसुम होती ना आपल्या दवाखान्यात."

कुसुम त्यांची बायको. याच वॉर्डात, याच दुखण्यानं गेली, त्याला पुष्कळ वर्षं झाली.

"एक दिवस तिला चारचं इंजेक्शन दिलं. रजिस्टरात 'दिलं' म्हणून सही आली, रिकामी आली, जुळलं. म्या कपाट लावलं अन् कामाला लागलो. संध्याकाळी वॉर्डात गेलो तर तिचा हात ह्यो एवढा सुजलेला. सुई शिरेतून निसटली होती. औषध समदं कातडीखाली. तीन तास कण्हत पडली होती. हाक मारायची तिला लाज वाटायची. माझ्या वहीत मातर ती चार वाजताच निवली होती."

मला संताप आवरेना. "आणि देणारी कोण होती? बघितलंसुद्धा नाही? असल्या बाईला तिथंच घरी बसवायला पाहिजे होतं!"

"चहा घ्या, थंड व्हायलाय."

"अण्णा, कोण होती ती?"

"सोडा. घाई होती समद्यांना त्या दिवशी. परिचारिका दिनाचा फोटो होता ना."

तो फोटो माझ्या घरी बैठकीच्या खोलीत आहे. पुढच्या रांगेत मधोमध मी. त्या दिवशी फोटोग्राफर चारला येणार होता, आणि मी आरशासमोर टोपीला पिना लावत होते तेव्हा कुणीतरी म्हणालं, अगं, सिरसाटवहिनींचं इंजेक्शन राहिलं. मी धावत गेले, दिलं, सही ठोकली, धावत आले. फोटोत माझी टोपी अगदी सरळ आहे. दात दिसतील असं हसते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या रजिस्टरांची लाल फडक्यातली गाठोडी सोडली. सही सापडली. तेव्हा मी सहीच्या शेवटी एक वेलांटी काढून तिला फूल जोडत असे. फूलही होतं.

मीटिंगमध्ये अण्णांनी माझ्याकडं एकदाच का बघितलं, ते त्या फुलाकडं बघताना मला कळलं. एवढी वर्षं रोज मला "नमस्कार सिस्टर" म्हणणारा माणूस! माझ्या लेकीच्या लग्नात जेवून गेलेला! आणि आता स्वतःचं नाव लाल झालं तरी गप्प.

मी ते रजिस्टर उचललं आणि मोठ्या मॅडमच्या टेबलावर उघडं ठेवलं. सगळं सांगितलं, फोटोसुद्धा. मॅडमनी तिथूनच पुण्याला फोन लावला. मुलगी म्हणाली, "मॅडम, 'उतरलं' असा चौकोन आमच्याकडं नाही. लाल येतच राहणार." मॅडम म्हणाल्या, "येऊ दे. दर महिन्याला कारण मी लिहीन." चाव्या अण्णांना परत गेल्या. त्यांनी आधी अँप्यूल मोजल्या, मग चाव्या करदोड्याला बांधल्या.

मला वाटलं होतं, आभार मानतील. अण्णा भडकले.

"कशाला सांगितलं? म्या तुमास्नी सांगायला म्हणलं होतं का? नसती उठाठेव!"

आठ दिवस बोलले नाहीत. मी "कसं काय अण्णा" म्हटलं, तर आकडासुद्धा सांगेनात. नवव्या दिवशी पावणेचारला माझ्या दारात उभे राहिले, गालावर हात ठेवून.

"दात दुखायलाय. डाक्टरकडं जातो. आज गुणाआक्कापाशी तुमी बसा."

अण्णांची अख्खी बत्तीशी कवळीची होती.

सिस्टरनं इंजेक्शन दिलं आणि ती पुढच्या खाटेकडं गेली. मी स्टुलावर बसले. हात कुठं ठेवावेत कळेना. गुणाबाईनं डोळे मिटले होते, ओठ दाताखाली धरला होता. तीस वर्षं नोकरी केली, पण सुई बाहेर काढल्यानंतर माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी कधी बसून बघितलं नव्हतं.

"आक्का," मी विचारलं, "उतरलं का?"

"न्हाय अजून."

मी स्टूल खाटेजवळ ओढलं.