टिपेट घराण्याची ढाल

माझ्या मेहुण्याच्या घरी चहाच्या चमच्यावरसुद्धा सिंह आहे. बशीवर सिंह, पत्राच्या कागदावर सिंह, आणि जेवायच्या खोलीत तर भिंतीवर एवढा मोठा तांबडा लाकडी सिंह, की त्याच्यासमोर मला घास गिळवत नाही. वेनराइट घराण्याचं ते मानचिन्ह. माझी बायको अडेला ही मूळची वेनराइट. मी मॉरिस टिपेट, धान्याच्या व्यापाऱ्याकडचा कारकून. टिपेटांच्या चमच्यावर फार तर कालच्या अंड्याचा डाग असतो.

अडेला टोमणा कधी मारत नाही. माहेरहून परत आली की ती आमचा एक चमचा हातात घेते, उलटसुलट करून बघते आणि खाली ठेवते. लग्न झाल्यापासून मी हे बघत आलोय. (टोमणा परवडला.)

या खेपेला ती पहाटेच्या गाडीने भावाकडे गेली आणि मी मनाशी ठरवलं, ती शनिवारी परत येईल तेव्हा आपल्याही दारावर मानचिन्हाची ढाल दिसली पाहिजे. एकदा तरी तिने चमचा न बघता घरात पाऊल टाकावं, एवढीच माझी इच्छा होती.

टिपेट घराण्याला ढालच नव्हती, ही अडचण मी किरकोळ मानली. वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात कशाचा अर्थ काय ते व्यवस्थित दिलं होतं. सिंह म्हणजे शौर्य. निळा रंग म्हणजे निष्ठा. छपराच्या वाशांसारखी दुपाखी पट्टी म्हणजे घर उभारणारा, कुटुंबाचा आधार. मी निळा रंग घेतला आणि पट्टी घेतली. (आमचं छप्पर न्हाणीघरावर गळतं, पण गळक्या छपराचं वेगळं चिन्ह पुस्तकात सापडलं नाही.) शौर्याच्या वाटेला मी गेलो नाही, कारण ढाल अडेला बघणार होती. नवराबायकोची ढाल निम्मी निम्मी असते असं पुस्तक म्हणत होतं, म्हणून दुसऱ्या अर्ध्यात वेनराइटांचा तांबडा सिंह काढला. तो पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखा आला, पण तांबडा मात्र झाला. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाला मला झोप लागली.

राहिला पाटीचा आकार. आमच्या गावच्या चर्चमध्ये जमीनदारांच्या घराण्याच्या लाकडी पाट्या लावलेल्या आहेत, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या. माझ्या बाकाच्या बरोबर वर जी आहे ती मी हुबेहूब उचलली. मध्ये ढाल, तिच्यामागे डावी बाजू पांढरी, उजवी बाजू काळी, वर फितीची गाठ. दिसायला फार भारदस्त. (त्या पाटीखाली मी इतकी वर्षं बसतो, पण प्रवचन सुरू झालं की माझे डोळे आपोआप मिटतात.)

शनिवारी सकाळी पाटी दारावर चढली. समोरच्या मिसेस क्लटरबक यांनी ती बघितली आणि फटाफट आपले सगळे पडदे ओढून घेतले. म्हटलं, जळली बाई. पोस्टमनने चक्क टोपी काढली. मीही जमीनदारासारखी मान हलवली. थोड्याच वेळात मिसेस क्लटरबक काळा झगा घालून, हातात केक घेऊन दारात उभ्या.

"मिस्टर टिपेट, कधी हो झालं हे?"

"कालच पुरं झालं. तसं आठवडाभर चाललंच होतं."

"आठवडाभर! तरीच त्या दिसल्या नाहीत. आणि आम्हाला पत्ता नाही?"

"मुद्दामच कळू दिलं नाही. मागच्या शेडमध्ये, दार लावून. सगळं या हातांनी!"

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. नखांत सिंहाचा तांबडा रंग अजून होता.

"त्यांच्या भावाला कळवलंत का?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

"त्याला? कळेल परस्पर! इतकी वर्षं त्या घराण्याचा तोरा सोसला मी, बाई. आज कुठे छाती मोकळी झाली."

केक माझ्या हातात कोंबून बाई जवळजवळ पळाल्या. माझं वैभव बघून माणसं इतकी दबतील असं मला वाटलं नव्हतं. मी केकचा मोठा तुकडा कापला आणि पायरीवर बसून खाल्ला. (हे नंतर सर्वांना सांगण्यात आलं.)

दुपारी हवालदार हॉब्डे आला. मागे अर्धं गाव, सगळं काळ्या कपड्यांत.

"मिस्टर टिपेट, शेड दाखवा."

"या ना! पण आत पसारा आहे. करवत पुसायची राहिलीय."

हॉब्डेने शेडमधला तांबडा बोळा बघितला, करवत बघितली, मग माझ्या बटाट्याच्या वाफ्याकडे बघितलं.

"मिसेस टिपेट कुठे आहेत?"

"येईलच आता. चारची गाडी."

"हो का," असं म्हणून त्याने कोट काढला, माझंच फावडं उचललं आणि वाफा खणायला लागला. मी म्हटलं, "अरे, बटाटे अजून लहान आहेत!" त्यावर फाटकाशी कोणीतरी हुंदका दिला.

तेवढ्यात त्या घोळक्यातून वाट काढत, हातात बॅग घेतलेली अडेला आली. मिसेस क्लटरबक किंचाळल्या आणि तिच्या गळ्यात पडून लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. अडेलाने त्यांच्या खांद्यावरून दारावरची पाटी बघितली. वेनराइटांची मुलगी ती. तिला एक नजर पुरली.

"मॉरिस, मी कधी मेले?"

"कोण मेलं?"

"ही माणूस गेल्यावर दारावर लावायची पाटी आहे. डावी बाजू नवऱ्याची, उजवी बायकोची. जे गेलं त्याच्यामागे काळा रंग. बाई गेली असेल तर वर फितीची गाठ. चर्चमध्ये तुझ्या डोक्यावर आहे ती जमीनदारांच्या पहिल्या बायकोची." मग ती शेजारणीकडे वळली. "आणि मी गेल्यावर हा काय म्हणाला हो?"

"म्हणाले, आज कुठे छाती मोकळी झाली," मिसेस क्लटरबक म्हणाल्या. "आणि केक खाल्ला."

त्या क्षणी मला हॉब्डेने खणलेल्या खड्ड्यात जाऊन झोपावंसं वाटलं. गाव माझ्याकडे बघत होतं याची लाज होतीच, पण अडेला माझ्याकडे बघत नव्हती, ती लाज फार मोठी होती. सगळ्यांसमोर मी बोलून गेलो, "तुझ्यासाठी केलं, अडेला. तो चमचा तू उलटून बघतेस ना, म्हणून."

तिने पाटीवर बोट ठेवलं. "ही पट्टी कसली?"

"छपराची. म्हणजे, कुटुंबाचा आधार."

"न्हाणीघरावरचं छप्पर का?"

"हो," मी म्हणालो. ती बॅग उचलून आत गेली. चमच्याला तिने हात लावला नाही. इच्छा पुरी झाली, पण अशी व्हायला नको होती.

सोमवारी सकाळी उठून बघतो तर पाटी पुन्हा दारावर. फितीची गाठ पुसलेली, अडेलाची बाजू स्वच्छ पांढरी आणि माझी बाजू काळी कुळकुळीत. ब्रश तिच्या हातात होता.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"बघू या की," ती म्हणाली.

मी पडद्याआड उभा राहिलो. शनिवारी अडेलाच्या सुतकात ओढलेले मिसेस क्लटरबक यांचे पडदे आज सताड उघडे होते. पोस्टमनने पाटी नीट बघितली, टोपी जरा घट्ट बसवली आणि पुढे गेला. हॉब्डे तर शीळ घालत गेला. केकचा पत्ता नव्हता. शेवटी दूधवाला थांबला. म्हटलं, एक तरी भला माणूस निघाला.

"मिसेस टिपेट," तो पाटीकडे बघत म्हणाला, "उद्यापासून दूध निम्मं करू ना?"

अडेलाने बराच वेळ विचार केला.

"राहू दे तेवढंच," ती म्हणाली. "अजून काही नक्की नाही."