तीनच्या वेळेची लेखी हरकत

दुपारी तीनची वेळ मृदुला खंदारेच्या घरी हरकत घेऊन आली, तेव्हा रविवारचे सकाळचे साडेसात वाजले होते आणि मृदुलाच्या हाताला कणीक होती.

दोष कुणाचाच नव्हता. असलाच तर सवयीचा. मृदुला परभणीत एका सरकारी कार्यालयात अकरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसत होती. नवरा बदलीवर लातूरला, रजा एकही शिल्लक नाही, आणि केतकी नि निमिष या दहा नि सात वर्षांच्या दोन पोरांची शाळा दीड महिना बंद. शेजारच्या वनमालाकाकू अधूनमधून डोकावणार होत्या, पण त्या तरी किती डोकावणार! म्हणून शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मृदुलाने मुलांचं उन्हाळी वेळापत्रक केलं. साधंच केलं हो. उठणे, दूध, अंघोळ, वाचन, जेवण. पण हाताला वळण पडलेलं. कागदावर जावक क्रमांक पडला, गोल शिक्का बसला, आणि शेवटी सरावाने ओळही उतरली : 'हरकती असल्यास सात दिवसांत लेखी कळवाव्यात.' मग तो कागद तिने घरी फ्रिजवर लावला.

तीनची वेळ म्हणजे अंगाने भरलेली, जड डोळ्यांची, पदराने वारा घेणारी बाई. सोफ्यावर टेकताच तिने जांभई दिली आणि अर्ज पुढे केला.

"चहा टाकू?" मृदुलाने विचारलं.

"चहा चारच्या वेळेकडे असतो. माझ्या अखत्यारीत नाही."

मृदुलाने अर्ज उभ्याउभ्याच वाचला. 'तीन ते साडेतीन शुद्धलेखन व साडेतीन ते चार पाढे, ही कामे अर्जदाराच्या प्रकृतीस मानवणारी नाहीत.'

"अहो, मग मुलांनी तुमच्यात करायचं तरी काय?"

"आजवर काय करत आली? फरशीवर पालथी पडतात. बर्फ चोखतात. भांडतात. मागच्या मे महिन्यात तुमच्या धाकट्याने मुंग्या मोजल्या, एकशे बारापर्यंत. ते पाढ्यांत धरा की!"

"आणि मी बदल नाही केला तर?"

"तर मी येणार नाही. तुमच्या घरी दोन संपले की थेट चार."

खरं सांगायचं तर मृदुलाला क्षणभर हायसंच वाटलं. रोजचा एक तास कमी! काकूंची एक फेरी कमी, 'आई, हा बघ ना मला मारतोय' असा एक फोन कमी. तिच्या चेहऱ्यावरून ते तीनच्या वेळेने ओळखलं.

"चालतंय म्हणता? करा मग सही," ती म्हणाली. "सुट्टीभरात मी पंचेचाळीस वेळा येते. तेवढ्या वजा होतील. पण तुमच्यातून नाही, मुलांच्या वाट्यातून. आणि मागाहून परत मागितल्या तर मिळत नाहीत, तसा नियमच आहे. धाकट्याचं असू द्या, थोरलीचं बघा. दोन वर्षांत क्लास लागतील तिला. मग मला कोण विचारतंय?"

आत केतकी अजून झोपलेली होती, एक पाय निमिषच्या अंगावर टाकून. मृदुलाने कणकेच्या हातानेच पेन घेतलं, शुद्धलेखन खोडलं, पाढे खोडले आणि तिथे लिहिलं : 'काही नाही.' खोडाखोडीवर बारीक सही केली. तीनची वेळ समाधानाने उठली आणि दुपारी वेळेवर आली.

मग काय, बातमी पसरली. सकाळची सातची येऊन गेली, माझ्यात मुलांना कुणी दचकवून उठवू नये म्हणून. अकराची आली, तिला हिशेबाने वाचन नको होतं, झाडावर बसून हवं होतं. मृदुलाने सगळ्यांच्या नोंदी घेतल्या. शेवटी चपलांच्या स्टँडपाशी एक बारीक, नीटनेटकी बाई तेवढी उरली, केसांत अबोलीचा गजरा माळलेली. ती संध्याकाळी साडेसहाची वेळ होती.

"तुमची काय हरकत?"

"हरकत नाही हो. माझ्यापुढे तुम्ही 'आई घरी येईल' एवढंच लिहिलंय. तेवढं व्हावं. गेल्या उन्हाळ्यात नुसतं तोंडी ठरलं होतं."

मृदुला ओशाळली. "येईन. शिक्का मारलाय ना आता."

सोमवारी पावणेसहाला साहेबांनी टपालाचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. "मॅडम, एवढं रजिस्टरला चढवूनच जा." मृदुलाने चढवलं. भराभर चढवलं, तरी स्कूटरला किल्ली लावली तेव्हा सात वाजून गेले होते. रस्ताभर तिला रडू येत होतं. पहिल्याच दिवशी! निमिष काही बोलणार नाही, नुसता बघेल, हेच तिला सोसवत नव्हतं.

फाटकाशी एक धिप्पाड बाई भाजीची पिशवी घेऊन ताटकळत उभी होती. ती संध्याकाळची सातची वेळ होती आणि चांगलीच तापलेली होती.

"अहो, ती तुमच्या घरातली साडेसहाची उठायलाच तयार नाही! वीस मिनिटं झाली मला इथे!"

गल्लीत सगळीकडे दिवे लागले होते. मृदुलाच्या अंगणात मात्र अजून उन्हाची तिरीप होती. उंबऱ्यावर साडेसहाची वेळ हात बांधून बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुलं. आतल्या घड्याळात साडेसहा.

"आई, तू वेळेवर आलीस!" निमिष ओरडला.

"आणि आम्ही तीन वाजता काहीच केलं नाही," केतकी म्हणाली. "अगदी कागदावर लिहिलंय तसंच."

साडेसहाची वेळ पदर सावरून उठू लागली. मृदुलाने तिला खांद्याला धरून पुन्हा बसवलं आणि स्वतःही शेजारी टेकली. निमिष लगेच मांडीत आला.

"आणि माझं काय?" सातची वेळ फाटकातून ओरडली.

"लेखी कळवा," मृदुला म्हणाली. "सात दिवसांत."